सुपरहीटरची ट्यूब पुन्हा फुटली: स्टेनलेस घालण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. शहराचा कचरा ग्रेटवर (भट्टीतल्या जाळीवर) जाळून वीज करणारा प्लांट, वाफ ४२ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाची आणि ४२० अंशांची. सुरू होऊन दोन वर्षं झाली. सुपरहीटरच्या (बॉयलरची वाफ धुरात आणखी तापवणाऱ्या ट्यूबांच्या) शेवटच्या टप्प्यातली पुढची रांग टी-११ या पोलादाची होती, ती चौदा महिन्यांत फुटली. तिच्या जागी टी-२२ घातली, ती नऊ महिन्यांत गेली. आता वरच्या साहेबांचं म्हणणं, 'एकदाचं काय ते स्टेनलेस घाला आणि विषय संपवा.' विचारणाऱ्या तरुण इंजिनिअरला एवढंच हवंय: स्टेनलेसचा ३०४ ग्रेड घालू की ३४७?

दोन्ही नको. निदान येत्या शटडाऊनमध्ये तरी नको. कारण सांगतो, जरा लांबेल.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगून गेलात. टी-११ मध्ये क्रोमियम सव्वा टक्का, टी-२२ मध्ये सव्वादोन. म्हणजे आधीपेक्षा बरी ट्यूब घातलीत आणि ती आधीपेक्षा लवकर गेली. धातूच कमी पडत असता तर थोडं का होईना, उलटं व्हायला हवं होतं. तेव्हा मधल्या काळात बॉयलरच्या आत काहीतरी बदललंय. दुसरं, ट्यूबची जाडी तुम्ही लिहिली नाही. साडेचार मिमी धरली तर नऊ महिन्यांत फुटायला महिन्याला चार दशांश मिमीच्या आसपास धातू जायला हवा. कचऱ्याच्या बॉयलरमध्ये क्लोराइडचा गंज भयानक असतो हे मान्य, पण हा वेग त्यालाही एकट्याला जरा जास्तच आहे. त्याला कुणीतरी साथीदार आहे. माझा एक संशय सूटब्लोअरवर, म्हणजे ट्यूबांवरची राख वाफेच्या झोताने उडवणाऱ्या यंत्रावर आहे, त्याच्याकडे येतोच.

आधी माझी पार्श्वभूमी, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. माझी सुरुवात साखर कारखान्याच्या बॉयलरवर झाली. तिथे बगॅस (उसाचा चोथा) जाळताना सुपरहीटर वर्षानुवर्षं निवांत असायचा. मग एका हंगामात बगॅस कमी पडला म्हणून आम्ही उसाचं पाचट घालायला लागलो, आणि महिन्याभरात ट्यूबांवर असा चिवट थर बसला की लॅन्सिंग (लांब नळीच्या झोताने राख झाडणं) करून करून माणसं थकली. ऊस तोच, शेत तेच, मग फरक कशाचा? बगॅस गिरणीतून येताना इम्बिबिशनच्या (रस निघावा म्हणून शिंपडलेल्या) पाण्याने धुतला जातो, त्यातलं पोटॅशियम आणि क्लोरीन बरंचसं रसाबरोबर निघून जातं. पाचटाला ती आंघोळ मिळत नाही. पुढे डिस्टिलरीचा स्पेंट वॉश (मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी) जाळणाऱ्या बॉयलरवर काम केलं, तिथे तर पोटॅशियमचा पूरच. कचऱ्यावर मी त्यानंतर आलो. त्यामुळे राखेत काय आहे हे ट्यूबचा ग्रेड बघण्याआधी बघायची सवय मला तिथूनच लागली.

आता ट्यूब खाल्ली जाते म्हणजे नेमकं काय होतं ते बघू. लोखंडावर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्याला ट्यूबचं कातडं म्हणा. कोळशाच्या बॉयलरमध्ये हे कातडं धट्टंकट्टं राहतं. कचऱ्याच्या धुरात मात्र सोडियम आणि पोटॅशियमची क्लोराइडं वाफेच्या रूपात येतात आणि थंड ट्यूब दिसली की तिच्यावर बसतात. तिथे त्यांच्यातून क्लोरीन सुटतो आणि कातड्याच्या भेगांतून आत धातूपर्यंत जातो. आत ऑक्सिजन फारसा पोचत नाही, म्हणून तिथे लोखंडाचं क्लोराइड होतं. धातू साडेचारशे अंशांच्या पुढे गेला की हे क्लोराइड जाणवण्याइतकं उडायला लागतं. बाहेरच्या बाजूला आलं की ऑक्सिजन भेटतो, लोखंडाचं ऑक्साइड होऊन तिथेच पडतं, आणि क्लोरीन मोकळा होऊन परत आत जातो. या व्यवहारात क्लोरीन जवळजवळ खर्चच होत नाही, दलालासारखा दोन्हीकडे फिरत राहतो. बाहेर पडलेलं ऑक्साइड भुसभुशीत, पापुद्र्यापापुद्र्यांचं असतं, त्याने कसलंच संरक्षण होत नाही.

ही खूण तुम्हाला हाताने तपासता येते. शटडाऊनमध्ये ट्यूबवरची खपली अखंड काढा आणि धातूकडची बाजू बघा. तिथे पिवळसर-हिरवट झाक असेल आणि उघड्या हवेत थोड्या वेळात ती बाजू ओलसर, तपकिरी होत असेल, तर लोखंडाचं क्लोराइड आहे म्हणून समजा. पावसाळ्यात तर ती बघता बघता पाणी धरते.

मग लोक म्हणतात, प्लॅस्टिक वेगळं काढू, क्लोरीन जाईल. पीव्हीसीमध्ये वजनाने सत्तावन्न टक्के क्लोरीन असतो, त्यामुळे त्याचं नाव आधी येणं साहजिक आहे. पण आपल्या कचऱ्यात उष्टं-खरकटं किती असतं बघा. मीठ म्हणजे साठ टक्के क्लोरीन, वर सोडियम सोबत आलेलाच. आमटी, लोणचं, पापड, सुकी मासळी, सगळं तिथेच येतं. नारळाच्या शेंड्यांमध्ये पोटॅशियम आणि क्लोराइड दोन्ही भरपूर. पीव्हीसीचे पाइप आणि वायरी पिटमधून काढता आल्या तर जरूर काढा, पण त्याने सुपरहीटर वाचेल या भरवशावर राहू नका.

आता तापमानाकडे. ४२ किलो दाबाला पाणी सुमारे २५४ अंशांवर उकळतं. म्हणजे वॉटर वॉलचा (पाणी भरलेल्या ट्यूबांच्या भिंतीचा) धातू तीनशेच्या आतबाहेर राहतो आणि त्याला हा आजार सहसा हळू लागतो. (पहिल्या पासमध्ये, म्हणजे धुराच्या वाटेच्या पहिल्या कप्प्यात, रिफ्रॅक्टरीचं अस्तर गळून पडलं असेल आणि तिथे हवा कमी पडून कार्बन मोनॉक्साइड राहत असेल तर गोष्ट वेगळी.) सुपरहीटरमध्ये आत पाणी नसून वाफ असते, ती उष्णता तितक्या चटकन उचलत नाही, म्हणून धातू वाफेपेक्षा तीस ते पन्नास अंश जास्त गरम असतो. वाफ ४२० म्हणजे ट्यूबचं कातडं ४५० ते ४७०. लोखंडाचं क्लोराइड उडायला लागतं तो उंबरठा तुम्ही रोज ओलांडताय. कचऱ्याच्या प्लांटला ४०० अंश आणि ४० बार (बार म्हणजे जवळपास किलोच) ही वाफ जगभर वर्षानुवर्षं ठरावीक मानली गेली ती याच कारणाने.

पण प्रश्न नुसत्या धातूच्या तापमानाचा नसतो. धुराचं तापमान तितकंच महत्त्वाचं. धूर जितका गरम, तितकी क्लोराइडं वाफेच्या रूपात ट्यूबपर्यंत पोचतात आणि थरात तितका वितळलेला भाग जास्त. शुद्ध पोटॅशियम क्लोराइड ७७० अंशांच्या आसपास वितळतं, पण शिसं आणि जस्त मिसळलं की मिश्रणं चारशेच्या आसपास आणि त्याखालीही पातळ होतात. कचऱ्यात बॅटऱ्या, रंग, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा असतोच. म्हणून डिझाइनवाले सुपरहीटरच्या तोंडाशी धूर ६५० अंशांच्या खाली ठेवायला बघतात. तुमचा किती आहे? डीसीएसवर (कंट्रोल रूमच्या पडद्यावर) ६३० दिसत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. उघडं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भोवतालच्या थंड भिंतींकडे उष्णता फेकत असतं आणि त्यावर राख बसली की आणखी कमी दाखवतं. सक्शन पायरोमीटर (धूर आत ओढून तापमान मोजणारं उपकरण) भाड्याने आणून एकदा खरं माप घ्या.

आता माझा मुख्य संशय. कचऱ्याचा बॉयलर सुरू झाला की पहिले काही आठवडे पहिला आणि दुसरा पास स्वच्छ असतात, भिंती भरपूर उष्णता ओढतात, धूर थंड होऊन सुपरहीटरला पोचतो. मग भिंतींवर राख चढते, उष्णता ओढली जात नाही, आणि तोच धूर सुपरहीटरला पन्नास-शंभर अंशांनी गरम मिळतो. याचा पुरावा तुमच्याकडे आधीपासून आहे: अटेम्परेटरच्या (वाफेत पाणी फवारून तिचं तापमान उतरवणाऱ्या भागाच्या) स्प्रेच्या पाण्याचा ट्रेंड. मागच्या दोन वर्षांचा आलेख काढा, शेजारी वाफेचा लोड ठेवा. तेवढ्याच लोडला स्प्रे वाढत गेला असेल, तर सुपरहीटरला दर आठवड्याला जास्त गरम धूर मिळतोय आणि तुम्ही पाणी मारून वाफेचं तापमान तेवढं जागेवर ठेवताय. डीसीएसवर ४२० दिसतात, सगळे खूश, आणि आत ट्यूब भाजतेय.

त्याच आलेखावर टी-२२ कुठल्या महिन्यात बसवली ते लिहा. पावसाळ्यात कचरा भिजलेला, भट्टी थंडगार. उन्हाळ्यात तोच कचरा वाळलेला, वर मेगावॅट वाढवायला कुणीतरी बाहेरून आरडीएफ (कचऱ्यापासून बनवलेलं वाळलेलं इंधन) आणलेला असतो. तुमच्या पहिल्या रांगेच्या वाट्याला दोन पावसाळे आणि सुरुवातीचा हळू चाललेला काळ आला, आणि दुसरीच्या वाट्याला दिवाळीपासून जूनपर्यंतचा फुल लोड, असं तर नाही ना? तारखा तुम्ही दिल्या नाहीत म्हणून मी अंदाज करतोय. पण असं निघालं तर टी-२२ लवकर का गेली याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

उरलेलं निम्मं सूटब्लोअर. राख बसते म्हणून ऑपरेटर पाळीत दोनऐवजी चार वेळा फुंकतो. दर फुंकरीला राखेबरोबर कातडंही सोलून निघतं, खालचा धातू उघडा पडतो आणि क्लोरीनला नव्याने सुरुवात करता येते. त्यात ब्लोअरच्या लाइनमध्ये साचलेलं पाणी आधी ड्रेन केलं नसेल तर पहिली फुंकर पाण्याच्या थेंबांची बसते. एका प्लांटमध्ये मी हे शोधायला तीन दिवस घालवले. रांगेतल्या सगळ्या ट्यूबा सारख्या पातळ हव्या होत्या, पण लॅन्सच्या (ब्लोअरच्या नळीच्या) वाटेतल्या सहाच गेल्या होत्या, बाजूच्या जवळजवळ नव्यासारख्या. कारण काय, तर ड्रेनचा ट्रॅप (साचलेलं पाणी काढून टाकणारी झडप) बंद पडलेला. तुमच्याकडे फुटलेल्या ट्यूबा रांगेत कुठे आहेत त्याचा नकाशा काढा. लॅन्ससमोर एकत्र जमलेल्या असतील तर कारण सापडलं. सगळीकडे पसरलेल्या असतील तर ब्लोअर निर्दोष आणि तापमानाकडे वळा. फुटलेल्या जागेचं रूपही बघा: घासून चकचकीत झालेली, एका बाजूने सपाट पडलेली असेल तर धूप (झोताने झिजणं), खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांची आणि थराथराची असेल तर गंज, ट्यूब फुगून माशाच्या तोंडासारखी उघडली असेल तर आतून वाफ कमी पडली किंवा आत क्षार चढलेत, आणि मग वॉटर ट्रीटमेंटवाल्यांना बोलवा, मला नको.

आता स्टेनलेस. मीही एकदा हाच हट्ट केला होता, म्हणून मला बोलायचा अधिकार आहे. स्टेनलेस टिकतं ते क्रोमियमच्या ऑक्साइडच्या घट्ट थरामुळे. पण पोटॅशियम क्लोराइड या थराशीच प्रक्रिया करून पोटॅशियम क्रोमेट बनवतं, म्हणजे ज्याच्या भरवशावर आपण पैसे मोजले तेच आधी जातं. मग गंज एकसारखा न चढता कणांच्या सीमांमधून आत घुसतो; जाडी मोजली तर बरी दिसते आणि ट्यूब आतून पोखरलेली असते. आमची ३०४ ची रांग आधीच्या रांगेपेक्षा थोडीच जास्त टिकली आणि पोखरून जाण्याआधी जोडावरच चिरली. कारण स्टेनलेस गरम झाल्यावर साध्या पोलादापेक्षा जवळजवळ दीडपट प्रसरण पावतं आणि दोन धातूंच्या जोडावर प्रत्येक स्टार्ट-स्टॉपला ताण येतो. शिवाय शटडाऊनमध्ये क्लोराइडची राख ओली झाली की ३०४ ला ताणाखाली बारीक भेगा पडतात. पावसाळ्यात बॉयलर थंड ठेवलात आणि राख तशीच राहिली तर हे आणखी लवकर. ३४७ जोडाजवळच्या एका प्रकारच्या गंजात बरं ठरतं, पण वरचे बाकीचे मुद्दे त्यालाही लागू आहेत. ट्यूबचा ग्रेड बदलायचा म्हणजे आयबीआरची (भारतीय बॉयलर नियमावलीची) मंजुरी, जोडाची प्रोसीजर, तपासणी हे सगळं आलंच, ते वेगळं.

मग करायचं काय? मी असतो तर आधी रेखाचित्र काढून एक गोष्ट बघितली असती: शेवटच्या टप्प्यात वाफ धुराच्या उलट दिशेने वाहते की बरोबरीने? उलट दिशेने असेल तर सर्वांत गरम धूर पहिल्यांदा भेटतो त्या पुढच्या रांगेतच सर्वांत गरम वाफ आहे. कोळशाच्या बॉयलरवाल्याला हे आवडतं, कमी पृष्ठभागात काम होतं. कचऱ्यात ही मांडणी म्हणजे पुढच्या रांगेचा बळी. हेडरच्या (ट्यूबा एकत्र जोडणाऱ्या मोठ्या पाइपच्या) जोडण्या बदलून प्रवाह बरोबरीचा केला तर पुढच्या रांगेत अटेम्परेटरमधून नुकतीच आलेली थंड वाफ येते आणि तिथला धातू बऱ्याच अंशांनी खाली जातो. यात थोडं सुपरहीट गमवावं लागतं. पण तुमचा स्प्रे सतत बराच उघडा असेल, तर तुमच्याकडे गरजेपेक्षा जास्त पृष्ठभाग आहेच, तो तुम्ही पाणी मारून वाया घालवताय. मग हा बदल जवळजवळ फुकटात पडतो. हेडरचं काम मोठं असतं, बॉयलर बनवणाऱ्याला विचारून, हिशोब करूनच.

ते होईपर्यंत दुसरी गोष्ट उद्यापासून करता येते: वाफ ४२० ऐवजी ४०० वर चालवा, टर्बाइनवाल्याची संमती घेऊन, कारण टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यात वाफ किती ओली होते ते त्यांनीच सांगायचं. फक्त हे वीस अंश सुपरहीटरच्या शेवटच्या टप्प्याच्या आधीच्या स्प्रेने उतरवा, म्हणजे फायदा त्या ट्यूबांना मिळेल. विजेत ढोबळमानाने टक्काभर फटका बसेल. साहेब तक्रार करतील. त्यांच्यासमोर एका फुटलेल्या ट्यूबमुळे प्लांट किती दिवस बंद राहिला आणि तेवढ्या दिवसांत कचरा कुठे टाकावा लागला, हा कागद ठेवा.

तिसरी गोष्ट पहिल्या दोन पासची सफाई. युरोपातल्या प्लांटांमध्ये रिकाम्या पासमध्ये वरून पाण्याचा शॉवर सोडून चालू बॉयलरमध्येच भिंती साफ करतात. ते नसेल तर शटडाऊन दोनदा ऐवजी तीनदा घ्या, छोटे घ्या. भिंती स्वच्छ राहिल्या की सूटब्लोअरवरचा ताणही आपोआप कमी होतो.

गंधकाबद्दल एक शब्द, कारण हा उपाय आपल्याकडे कमी माहीत आहे. धुरात पुरेसा गंधक असेल तर पोटॅशियम क्लोराइडचं हवेतच सल्फेट होतं. ते हजाराच्या वर वितळतं आणि ट्यूबवर बसलं तरी क्लोराइडइतकं खात नाही. स्वीडनच्या व्हॅटनफॉल कंपनीने अमोनियम सल्फेट भट्टीत फवारायची पद्धत याच तत्त्वावर बसवली. सांडपाणी प्रकल्पाच्या वाळवलेल्या गाळात गंधक आणि फॉस्फरस असतं, थोडा मिसळला तर तोही मदत करतो. दोन अटी मात्र आहेत. सल्फेट होताना सुटलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल पुढे बॅग फिल्टरला जातं, म्हणजे ते शोषायला लागणाऱ्या चुन्याचा खर्च वाढतो. आणि ही प्रक्रिया धुरात व्हायला हवी. ट्यूबवर बसलेल्या थरात झाली तर क्लोरीन धातूच्या कुशीतच सुटतो आणि होतं नव्हतं ते बिघडतं. परवान्यात बसतं का तेही आधी बघा.

आवरण चढवायचं म्हणाल तर मिश्रधातू ६२५ चा वेल्ड ओव्हरले (वेल्डिंगने चढवलेला थर) हा चांगला उपाय आहे, त्यात निम्म्याहून जास्त निकेल असतं. पहिल्या पासच्या भिंतींवर तो उत्तम चालतो. सुपरहीटरच्या गरम ट्यूबांवर मात्र त्याचंही आयुष्य घटतं. ॲमस्टरडॅमचा प्लांट ४४० अंश आणि १३० बारवर चालतो असं कुणी तुम्हाला सांगेल. खरं आहे, पण तो सुरुवातीपासून त्यासाठीच आखलेला आहे, नुसत्या ट्यूब बदलून तिथे पोचता येत नाही. स्पेनमधल्या बिल्बाओच्या झाबालगार्बी प्लांटने तर कचऱ्याच्या धुरात शेवटची तापवणी करणंच टाळलं. ती वाफ गॅस टर्बाइनच्या स्वच्छ धुरात नेऊन ५४० च्या जवळ तापवतात.

येत्या शटडाऊनमध्ये पुढच्या दोन रांगांना टी-२२ च घाला, धुराच्या बाजूने शील्ड लावा, आणि बसवतानाच प्रत्येक ट्यूबचं यूटी (अल्ट्रासाउंडने मोजलेल्या जाडीचं) रीडिंग समोर, दोन्ही बाजूंना आणि मागे अशा चार जागी घेऊन ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा त्याच जागी, शील्ड काढून. आणि एक विनंती. मॅनहोल उघडला की सफाईवाली माणसं आपलं काम चोख करतात आणि तासाभरात पुरावा झाडून नेतात. त्यांच्या आधी तुम्ही आत जा, पुढच्या रांगेवरची राख तीन ठिकाणांहून खपलीसकट काढून हवाबंद डब्यात भरा, डब्यावर ट्यूब नंबर आणि कुठली बाजू ते लिहा. प्रयोगशाळेकडून क्लोरीन, गंधक, पोटॅशियम, सोडियम, शिसं आणि जस्त एवढं काढून घ्या. ते आकडे, स्प्रेचा आलेख आणि फुटलेल्या ट्यूबांचा नकाशा हाती आला की पाठवा, मग धातूबद्दल बोलू.